मारता येईल असा चेंडू

आमच्या लेकीने गणिताचा पेपर कोरा दिला, म्हणून इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या तिच्या शाळेतल्या सरांनी आम्हाला बोलावलं. सर ताडमाड उंच, उजवा खांदा जरा उतरलेला. तरुणपणी ते बेसबॉलमध्ये पिचर होते, म्हणजे चेंडू फेकणारे. लहान गावांच्या टीम्सकडून खेळले, पण मोठ्या लीगचं बोलावणं आलंच नाही. खांदा गेला आणि ते शिक्षक झाले. बोलताना त्यांची बोटं अजूनही मार्करवर चेंडूची शिवण शोधत होती.

त्यांनी लेकीला एक गणित घातलं. ती रडवेली झाली. त्याहून सोपं घातलं. तरी तिने नकारार्थी मान हलवली. मग इतकं सोपं घातलं, की ती खुदकन हसली आणि उत्तर देऊन बसली.

मी म्हणालो, "सर, हे फारच सोपं झालं."

"समोरच्याला मारता येणार नाही असा चेंडू टाकण्यात माझी तरुणपणाची वर्षं गेली," ते हसले. "आता मारता येईल असा टाकायला शिकतोय. हे जास्त अवघड आहे!"

पुढची उत्तरं लेकीने फटाफट दिली. मग टेबलावर कोपरं टेकून म्हणाली, "नाऊ गिव्ह मी अ हार्ड वन."

सरांनी डोळे बारीक केले, मार्कर चेंडूसारखा पाठीमागे नेला आणि डावा पाय हळूच वर उचलला. मी माझी खुर्ची मागे सरकवली.