जंतूंची पंगत

जगातली कुठलीही घाई आमच्या लॅबवाल्या अक्कांच्या दाराशी आली, की चपला काढून गुमान बसायची. सोलापूरच्या सांडपाणी केंद्रात मी टाकीत हवा सोडणारी मशिनं सांभाळतो; त्या हवेवर जगणारे जंतू टाकीतली घाण खाऊन टाकतात. अक्का बाहेर पडणारं पाणी तपासायच्या. पाणी बाटलीत तोंडोतोंड भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि तीन दिवस उबदार कपाटात ठेवायचं. आतले जंतू उरलेली घाण खातात, खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. जितका जास्त संपला, तितकं पाणी घाण. अक्का म्हणायच्या, "पंगत बसलीय." कपाटाला कुणी हात लावला की, "जेवणाऱ्याला उठवतोस होय रे?" बुडबुड्याचा त्यांना इतका राग, की चहासुद्धा काठोकाठ ओतायच्या. पेला उचलायची सोय नाही, पहिला घोट वाकूनच घ्यायचा. आणि ते तीन दिवस तर त्यांच्या हाडात मुरलेले. भाचीला स्थळ आलं, "तीन दिवसांनी सांगते." भजी कशी झाली विचारलं, तरी तेच.

मी कोकणातला, आठवीत शाळा सोडलेला, बायकोपोरांपासून लांब, त्यात जीव घाबरट. एका सकाळी बाहेर जाणारं पाणी लालभडक दिसलं. साहेब म्हणाले, "हवा बंद करून झोपलास. उद्यापासून येऊ नको." मशिनं तर रात्रभर चालूच होती. अक्का बाटली भरता भरता म्हणाल्या, "साहेब, डोळ्याला रंग दिसतोय, घाण न्हाय. तीन दिवसांनी बोला की."

"आणि तोवर वरून फोन आला तर?"

"त्यांना पण च्या पाजते."

मी खोलीवर जाऊन पिशवी भरून ठेवली. तिसऱ्या दिवशी अक्कांनी बाटल्या काढल्या, थेंबाथेंबानं औषध सोडत तपासल्या आणि मान वर केली. "ऑक्सिजन भरपूर शिल्लक हाय. जंतूंना खायलाच काय उरलं न्हवतं. कुठनं तरी नुसता कपड्याचा रंग आलाय. ह्याची हवा चालू होती." साहेबांनी समोरच्या चहाला वाकून तोंड लावलं.

ते गेल्यावर मी विचारलं, "अक्का, वाईट आलं असतं तर?"

"तर वाईट लिवलं असतं. पिशवी सोड आता, कोकण्या."

"मला इथं जमेल का हो?"

"तीन दिवस ऱ्हा. मग सांगते."

पुढे अक्का निवृत्त झाल्या, लेकीकडं राहायला गेल्या. कपाट आता दुसरं कुणी उघडतं. मी अजून चहा काठोकाठ ओततो आणि वाकून पितो. जमेल का, ते त्यांनी काही सांगितलं नाही. मी थांबलोय.