अण्णाने बसवलेले बुश

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात शाळेत तासावर होते. माझा थोरला भाऊ, वय अडतीस. त्रिचीजवळ कुणा दुसऱ्याची लॉरी त्याने रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं, एवढंच कळलं. रडू नंतर आलं. आधी आला तो राग, आणि पाच आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

तेराव्याला तंजावरच्या आमच्या घरी माणसं जमली. आमचे वडील, अप्पा, येईल त्याला सांगत होते, "पोरगा गुणाचा, पण हाताला यश नव्हतं. साधे बुश बसवतां आले नाहीत." लोक माना डोलवत होते. मी पंक्तीत भात वाढत होते. भांडं तिथेच आपटावंसं वाटलं... आपटलं नाही. आमच्या घरात बायका भांडी आपटत नाहीत आणि पुरुष चूक कबूल करत नाहीत.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. देश खुला झाला म्हणत होते. तंजावरात खुली झाली ती थंड पेयांची एक एजन्सी. ओरत्तनाडूपर्यंत बाटल्यांच्या पेट्या पोचवायला तिला पिकअप हवी होती. अण्णाकडे जुनी पिकअप होती, तिरुवैयारूहून केळीचे घड आणणारी. दोन महिने काम बघू, मग कायमचं, असं ठरलं. आम्हां तंजावरच्या मराठी लोकांत माणसं मास्तर होतात, कारकून होतात. गाडीखाली झोपणारा हा पहिलाच, आणि अप्पांना त्याची लाज वाटायची. तरी त्यांनी शब्द दिला होता, की हे काम टिकलं तर परसातल्या पत्र्याखाली तुझं गॅरेज काढ. त्या गॅरेजबद्दल अण्णाने मला शंभरदा तरी सांगितलं असेल.

पिकअपच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांतले बुश, म्हणजे धक्का झेलणारी रबरी नळकांडी, झिजले होते. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. नवे बुश मद्रासहून मागवले, ते येऊन पोचले आयुधपूजेच्या, म्हणजे विजयादशमीच्या आदल्या दिवशी सकाळी. अण्णाने गाडी चाकं अधांतरी राहतील अशी लोखंडी घोड्यांवर चढवली आणि खाली शिरला. जुने बुश ठोकून काढले, नवे साबणाच्या पाण्यात बुचकळून दाबून बसवले. राहिलं ते फक्त बोल्ट आवळणं. हे बोल्ट गाडी अधांतरी असताना पक्के आवळायचे नसतात. चाकं जमिनीला टेकून गाडीचा भार आला की मगच आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं. मला हे माहीत होतं, कारण अण्णा काम करताना बोलायचा आणि ऐकायला मीच असायचे.

अप्पांचा नियम असा, की दिवे लागायच्या आत पाने-हातोड्यांसकट घरातली सगळी हत्यारं देवापुढे, सरस्वतीच्या पूजेत. एकदा चंदन लागलं की विजयादशमीच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांनी मला हत्यारं आणायला पाठवलं आणि पाठोपाठ स्वतःच आले.

"अप्पा, थोडं थांबा. गाडी खाली उतरवूं द्या, मग आवळतों," अण्णा गाडीखालूनच म्हणाला. तसे आवळले तर रबर फाटेल, हेही त्याने सांगितलं.

"सरस्वती तुजसाठी थांबत नाही," अप्पा म्हणाले.

बोल्ट ढिले ठेवायची सोय नव्हती, कारण पहिल्या खेपेला विजयादशमीची पहाट अप्पांनीच एजन्सीला देऊन ठेवली होती. अण्णाने ते तसेच, अधांतरी आवळले. हत्यारांची टोपली मी उचलून नेली. मी.

त्या पहाटे टोपली देवापुढून उठायच्या आधी गाडी रस्त्याला लागली. मग रोजच्या खेपा. बोल्ट सोडून पुन्हा आवळायला अण्णाने अर्धा दिवस मागितला की अप्पा म्हणायचे, नव्या कामात खाडा नक्को. महिन्याभरात रबर फाटलं. दुसरे बुश मद्रासहून येईपर्यंत थांबायला एजन्सी तयार नव्हती. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर बैलगाडी आडवी आली, अण्णाने ब्रेक दाबला आणि पिकअप डावीकडे ओढली जाऊन कालव्यात कलंडली. त्याला खरचटलंही नाही, बाटल्यांचा मात्र चुरा झाला. काम गेलं, पत्र्याखालचं गॅरेजही गेलं. पोराला बुश बसवता येत नाहीत, हे अप्पा गावभर सांगत सुटले. सख्खा बाप म्हणतोय म्हटल्यावर अण्णाकडे गाडी कोण नेणार? उरलेली वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्याचाही मला राग आहे. वडिलांचा मान राखायचा म्हणून स्वतःचं नाव मातीत घालायचं? आणि सगळ्यात जास्त राग माझा मलाच येतो. मला सगळं माहीत होतं, आणि मी लग्न करून पुण्याला निघून आले.

देवनागरी मी पुण्यात शिकले. घरी आम्ही मराठी बोलतो, पण लिहितो-वाचतो तमिळ; अप्पांना ही लिपी येत नाही. म्हणून छापायला देण्याआधी मी पुन्हा तंजावरला गेले आणि अण्णाच्या खोलीत, त्याच्या खाटेवर बसून, इथवरचं सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते भिंतीला टेकून ऐकत होते. 

"मज ठाऊक नव्हतं," वाचून झाल्यावर ते म्हणाले. "त्याने सांगायचं होतं."

"सांगितलं होतं, अप्पा. तुम्ही तिथेंच उभे होतां."

ते उठले. खुंटीवर अण्णाचा खाकी शर्ट अजून तसाच होता. अप्पा तो घडी करायला लागले. मी त्यांच्या हातातून काढून घेतला आणि परत खुंटीला लावला.