भोंग्याचं आमंत्रण
ऐका हो, अखिल मानवजातीसाठी गंभीर वार्ता: सत्तरच्या दशकात तासगावकडच्या आमच्या चिमुकल्या चर्चने भोंगा घेतला! तापलेल्या धुळीचा वास आला की अजून त्याचं तापणारं ॲम्प्लिफायर आठवतं. भोंग्याने माणसं खेचली जाणार होती. तोवर पाळकसाहेब दर शनिवारी घरोघर उपासनेचं आमंत्रण देत, अंथरुणाला खिळलेल्या एका आजीपाशी बसून प्रार्थना करत. मग भोंगाच आमंत्रण देऊ लागला आणि आजी दाराकडे बघत राहिली. नाताळात ट्रॅक्टरला भोंगा बांधून आमची वरात तिच्या दारी थांबली. पाळकसाहेब उंबऱ्याबाहेरच राहिले. माइक तेवढा खाटेपर्यंत आत पाठवला. “आजी, दोन शब्द बोला!” चर्चमधले आजचे झगमगते एलईडी पडदे बघताना मला मात्र साऱ्या गल्लीवर घुमलेला तिचाच आवाज ऐकू येतो: “आवं, भोंगा दर शनवारी घरात येतोय, तुमी कवा येणार?”