मल्लूचं सोवळं

मल्लू गेला तेव्हा मी अकलूजला होतो, परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी. शाळेच्या ऑफिसात फोन आला आणि तिथल्या कारकुनानं वर्गाच्या दारात येऊन हलक्या आवाजात सांगितलं, "सर, तुमचे मल्लिनाथ सर वारले." पोरं खाली मान घालून पेपर लिहीत होती. मी पेपर गोळा केले आणि मिळेल ती एसटी पकडली, पण सोलापुरात पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली होती. शेवटचं तोंड पाहायचं राहिलं ते राहिलंच. महिना होत आला, तरी मला अजून त्याचा राग येतो. पंचवीस-तीस वर्षांच्या मैत्रीत त्यानं मला कधी धड भांडूनही जिंकू दिलं नाही.

एकाच शाळेत आम्ही नोकरी केली. तो पदार्थविज्ञान शिकवायचा, मी मराठी. दिवाळी अंकांत त्याच्या विज्ञानकथा यायच्या, आणि त्या चांगल्या असायच्या. एकदा वाचनालयाच्या कार्यक्रमात त्यानं कथा वाचली, तेव्हा पहिल्या रांगेतले एक वकील उठून म्हणाले, "हे इंग्रजीत कधीच येऊन गेलंय." कुठं, कुणाचं, ते त्यांना सांगता आलं नाही. पण लोक हसले, आणि मल्लूचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्या दिवसापासून त्यानं इंग्रजी मासिकं बंद केली, सिनेमा बंद केला, दुसऱ्यांच्या विज्ञानकथा वाचणं बंद केलं. "जे मी पाहिलंच नाही, ते माझ्यात कोण शोधून काढतो बघू," म्हणायचा. स्टाफरूममध्ये आम्ही याला मल्लूचं सोवळं म्हणायचो. तो आला की कुणीतरी मासिक मिटून ओरडायचं, "सरका रे, शिवू नका, भट चाललेत!" तोही हसायचा, पण सोवळं काही सोडायचा नाही.

पुढं मुंबईत टीव्ही आला, मग पुण्यात दिसू लागला. सोलापुरात तो येण्याचं नावही नव्हतं. आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला मुंबईहून टीव्हीतले एक गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मल्लूची कथा ऐकली आणि म्हणाले, "अर्ध्या तासाचं एखादं विज्ञाननाटक लिहून आणा, बघू." मल्लूचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पण लगेच त्याला घोर लागला. परदेशात म्हणे टीव्हीवर अंतराळयानं, परग्रह, यंत्रमानव सगळं येऊन गेलंय, मग आपण दाखवायचं काय? हॉटेलात चहा गार होईपर्यंत तो हेच बोलायचा. त्याची बहीण पुण्याला, तिच्याकडे टीव्ही होता. संध्याकाळी आळी लोटायची तिच्या घरात, आणि आमचा मल्लू सेटकडे पाठ करून स्वयंपाकघरात मटार सोलत बसायचा. "अरे, ज्याच्यासाठी लिहितोस ते दिसतं कसं, एवढं तरी बघ," असं बहीण म्हणाली, तर तो म्हणाला, "दिसलं की डोक्यात बसतं."

नाटकाचा पहिला खर्डा त्यानं घरीच वाचला. ऐकायला मी आणि गौरावहिनी, म्हणजे त्याची बायको. वहिनी उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत होत्या. लांबच्या कुठल्याशा ग्रहावरची माणसांची वस्ती. पाणी आटत चाललेलं. एक नळ, त्याला कधी पाणी येईल त्याचा नेम नाही, म्हणून बायका घागरी रांगेत लावून जातात. जिची घागर रांगेत, ती बाई रांगेत. दुष्काळाच्या सालात आमच्या सगळ्या पेठांतून हेच चाललं होतं. कुणी दुसऱ्याची घागर बोटभर सरकवली तर झिंज्या उपटण्यापर्यंत वेळ यायची. मल्लूनं त्या ग्रहावरचं तसलं भांडण वाचलं आणि वहिनी खदखदून हसल्या. "अय्यो, हे तर आपल्याच गल्लीतलं की! ही भांडणारी शेजारची काशीबाईच न्हवं का?" हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मल्लूनं कागद मिटले. "वाचा की वो पुढं," वहिनी म्हणाल्या. "एवढंच आहे," म्हणून तो उठला.

मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला तेव्हा उरलेलं नाटक त्यानं चालता चालता सांगून टाकलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मग म्हणाला, "ऐकलंस ना? गल्लीतलं उचललंय म्हणाली."

"अरे गाढवा, ती खूश झाली होती!"

"उचललेलं ते उचललेलं. इंग्रजीतलं काय, न् गल्लीतलं काय."

मी भर रस्त्यात त्याच्यावर ओरडलो. उपयोग शून्य. दोन-चार दिवसांनी त्यानं तो खर्डा अंघोळीच्या बंबात घातला.

दुसरं नाटक त्यानं निव्वळ डोक्यातून काढलं. त्यात गल्ली नाही, घागर नाही, काशीबाई नाही, माणसांना धड नावंसुद्धा नाहीत. विचार करणारं एक यंत्र, आणि ते आपल्या निर्मात्यावरच उलटतं. मुंबईला मी सोबत गेलो. टीव्ही केंद्रातल्या अधिकाऱ्यानं ते मन लावून वाचलं, माणूस सज्जन होता. "लिहिलंय चांगलं," तो म्हणाला, "पण ही गोष्ट परदेशी मालिकांत इतक्यांदा येऊन गेलीय... तुम्ही पाहिली असेलच."

"मी टीव्ही पाहिलेलाच नाही," मल्लू म्हणाला.

खोलीतले सगळे हसले. टीव्हीसाठी नाटक घेऊन आलेला माणूस टीव्ही पाहिला नाही म्हणतो, हसतील नाही तर काय करतील! तो अधिकारी समजुतीनं म्हणाला, "या विषयात आता नवं काही राहिलेलंच नाही हो." त्यानंतर त्यानं लिहिलं नाही. पुढच्या वर्षी कावीळ झाली, ती हटली नाही. नाटकानं माणूस मरत नाही हे मला कळतं. पण कावीळ व्हायच्या आधीच त्याच्यातलं बरंच काही विझलेलं मी रोज शाळेत बघत होतो, ते कुठं नेऊन ठेवू?

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. मधल्या खोलीत त्याची लिहायची खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करून आहे. समोर नुसता चुना, खिडकी पाठीमागे. वहिनींनी ती हलवलेली नाही. मला पाणी देऊन त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, मी हसले म्हणून त्यांनी ते जाळलं का वो?"

खोटं बोलवेना. "त्याला तुमचं हसणं चुकीचं कळलं, वहिनी."

"मला लई आवडलं हुतं... पुढं काय हुतं त्यात? तुमाला ठावं हाय?"

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसलो आणि सांगितलं. पाणी येतच नाही. वस्तीतलं एकेक माणूस संपतं, पण घागरी रांगेत तशाच राहतात. खूप वर्षांनी एक यान उतरतं. आतली माणसं तहानेनं कासावीस. त्यांना आपली भाषा ठाऊक नाही, रीत ठाऊक नाही. नळाला आता पाणी ठिबकतंय, पुढं जाऊन प्यायला अडवणारं कुणी नाही. पण ती रांग बघून ते थांबतात. डोक्यावरची काचेची टोपणं काढतात, शेवटच्या घागरीमागं एकेक करून मांडतात, आणि उभे राहतात.

"मग?"

"बस्स. इथं संपतं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "हे न्हाई आपल्या गल्लीतलं," त्या म्हणाल्या. "मेलेल्याच्या घागरीमागं आपल्यातलं कोण थांबलं असतं वो?"

आयुष्यभर हेच एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला तो आसुसला होता. त्याच्या खुर्चीत बसून ते मी ऐकलं.