सहाव्या गाण्यातला बाईचा आवाज

तुमच्या मामाआजोबांच्या अल्बममध्ये सहावं गाणं आहे. त्यात गिटार, ड्रम सगळं एकदम थांबतं आणि एक म्हातारी बाई बोलते. ती मी आहे. तुमच्या आईने परवा फोनवर विचारलं, "आई, नातेवाईक नावं ठेवताहेत. तुझा आवाज काढून टाकता येणार नाही का?" येईल. पण काढायचा नाही. का, ते तुम्हाला क्रमाने सांगते.

माझा हा धाकटा भाऊ अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो. लग्नं, वाढदिवस, जयंतीचे कार्यक्रम, चाळीस वर्षं त्याने ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. सदुसष्टाव्या वर्षी म्हणाला, "लोकायच्या फर्माइशी झाल्या. आता माही फर्माइश." आणि त्याने हार्ड रॉकचा अल्बम काढला, तोही भुतांचा. पिंपळावरचा मुंजा, शेतात वाट चुकवणारा चकवा, विहिरीतली हडळ. हडळीच्या गाण्यासाठी त्याला माझा आवाज हवा होता.

मी सरळ नकार दिला. "आपल्या घरात देव नाहीत, मग भुतं कुठून आली?"

"भुतं आपली नव्हतीच, ताई," तो म्हणाला. "लोकायनं आपल्यासाठी बनवली होती. विहीर विसरली काय तू?"

विसरले नव्हते. चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावात वस्तीला लागूनच एका मोठ्या शेतकऱ्याचा मळा होता. मळ्यात भरलेली विहीर. तिच्यात हडळ आहे, भर दुपारी काठावर येऊन बसते, असं तिथला रखवालदार सांगायचा. आमच्या बायका निंदणाहून तहानलेल्या परतायच्या तीही भर दुपारच. मालकाची मुलं त्याच विहिरीत उड्या मारून पोहायची, त्यांना हडळ कधी दिसली नाही. ती फक्त आमच्यासाठी होती.

मी आठ वर्षांची असेन. एका दुपारी माय आम्हा दोघांना घेऊन थेट विहिरीवर गेली आणि तिने कळशी आत सोडली. रखवालदार लांबून ओरडला, "हडळ ओढीन तुले आत." मायने दोर ओढणं थांबवलं नाही. म्हणाली, "पानी पाहिजे मले. हडळ असन तं तिले म्हना, सरक बाजूले." आधी तिने आम्हाला पाजलं, मग स्वतः प्यायली. पाणी थोडं मचूळ होतं. संध्याकाळी मालकाचा माणूस वस्तीत येऊन शिव्या देऊन गेला. दुसऱ्या दुपारी माय पुन्हा गेली, आणि तिच्यामागे आणखी तीन बायका.

भावाला गाण्यात मायचं तेच वाक्य हवं होतं.

मी अकोल्याला गेले. कागदावर वाक्य नीट लिहून नेलं होतं. माइकसमोर उभी राहिले आणि तीस वर्षं अमरावतीत इंग्रजी शिकवलेल्या बाईसारखी स्वच्छ बोलले, "मला पाणी पाहिजे."

भावाने कानावरचा हेडफोन काढला. "ताई, हे तं रेडिओवरच्या बातम्या झाल्या. माय कशी बोले?"

मायची बोली मी कॉलेजात पहिल्याच वर्षी टाकून दिली होती. मुली हसत म्हणून. चार वेळा बोलले, चारही वेळा खोटं वाटलं. पाचव्या वेळी कागद पर्समध्ये ठेवला. तेच तुम्ही ऐकता.

अल्बम आल्यावर बुद्धविहाराच्या समितीवर असलेला माझा चुलतभाऊ घरी आला. "ताई, शिकल्यासवरल्या बाईनं हडळीच्या गाण्यात बोलावं? आपण हे सगळं सोडलं ना?"

"बस, आधी ऐक," म्हटलं आणि गाणं लावलं. गिटारच्या आवाजाने त्याने तोंड वाकडं केलं. माझं वाक्य आलं तेव्हा मात्र त्याने मान वर केली. त्याची आई त्या तीन बायकांपैकी एक होती.

त्याने चहा घेतला. उठताना म्हणाला, "गाणं असू दे. पण समितीत लोक बोलून राहिले. नाव तरी काढून टाक."

"नाव राहील," मी म्हटलं.

या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला भावाला बोलावणं आलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाईट वाटलं, तसं त्याला बोलून दाखवलं. तो गिटारच्या तारा बदलत होता. म्हणाला, "पुढच्या सालले बोलावतीन. नाही बोलावलं तं मी गच्चीवर वाजवीन. भोंगा माहा त्यायच्यापेक्षा मोठा हाय."

तेव्हा सहावं गाणं हळू आवाजात ऐकू नका. आणि तुमच्या आईला सांगा, अल्बमवर माझं नाव पूर्ण छापलं आहे, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. त्याच्याखाली मी मायचंही घालायला लावलं.