मगदूम सरांचा अॅम्प्लिफायर

कोयनानगरच्या हायस्कूलात गणित शिकवणारे जिनदत्त मगदूम मूळचे सांगलीकडचे. कॉलेजात असताना ते सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्नाच्या वराती, गणपतीचे कार्यक्रम, कुठं पुढाऱ्याचा वाढदिवस. नोकरी लागली तसे ते कोयनेला आले. येताना गिटार आणली आणि पेटीएवढा जुना अॅम्प्लिफायरही आणला. कोयनेच्या हवेत कपड्यांच्या कपाटाला बुरशी येते, तिथं अॅम्प्लिफायरची काय कथा. तो आधी घरघरायला लागला, मग गिटार न जोडताच त्यातून रेडिओवरचे बाजारभाव ऐकू यायला लागले, आणि एका श्रावणात तो गेला. त्यानंतर बरीच वर्षं सर गिटार नुसतीच पुसून ठेवत असत.

त्यांची मुलगी समीक्षा पुण्यात नोकरीला लागली. तिनं वडलांना एक डिजिटल अॅम्प्लिफायर पाठवला. भाताच्या मोठ्या कुकरएवढा, बॅटरीवरही चालणारा. जगातल्या नामांकित अॅम्प्लिफायरचे आवाज संगणकानं मोजून त्यात भरलेले होते. मोबाईलवर चित्र दिसायचं. त्यातला हवा तो अॅम्प्लिफायर निवडायचा, हवा तो स्पीकर लावायचा, खोली लहान की मोठी ते सांगायचं, आणि वाजवायचं.

यातलं शेवटचं काम सरांना काही दिवस जमलं नाही. शाळेतून आले की ते चहा घेऊन खुर्चीत बसायचे, एक तार छेडायचे, डोकं हलवायचे आणि मोबाईलकडे वळायचे. एका रविवारी त्यांनी नसलेल्या खोलीतल्या नसलेल्या स्पीकरसमोर ठेवलेला नसलेला माईक दोन बोटं डावीकडे सरकवला. संध्याकाळी तो परत उजवीकडे आणला.

"आज काय वाजवलंत?" त्यांच्या पत्नी चंदनबालाबाईंनी विचारलं. बाई कवठे महांकाळच्या. बोलणं मोजकं, गळा चांगला. बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेच्या वेळी पदं म्हणण्यासाठी त्यांना माहेरी अजून बोलावणं येई.

"आज वाजवलं नाही. आज आवाज लावला."

"कालही लावला होता."

"कालचा वेगळा."



मगदूमांचं घर चाळवजा रांगेत होतं. वर पत्रा, आणि शेजारच्या घराला लागून एकच भिंत. भिंतीपलीकडे निवृत्त सुभेदार मानसिंग आणि त्यांच्या पत्नी बनुबाई राहत. कोयनेत जमीन अधूनमधून हलते, आणि लोकांना त्याची सवय आहे. हलली की बाहेर यायचं, थोडं थांबायचं, कितीचा होता त्यावर बोलायचं आणि आत जाऊन अर्धी राहिलेली भाकरी थापायची. त्या रांगेत कितीचा होता हे सांगायचा मान सुभेदारांकडे होता. त्यांचा आकडा बरोबर असे असं नाही. पण ते खात्रीनं सांगत, त्यामुळे दुसऱ्या कुणी आकडा सांगायची गरज राहिली नव्हती.

एका संध्याकाळी सरांना मोबाईलवर एक फार खालचा आवाज सापडला. त्यांनी गिटारची सगळ्यात जाड तार आणखी सैल केली, बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तार छेडली. भिंतीपलीकडे बनुबाईंची मांडणीवरची ताटं वाजली. वरचा पत्रा थरथरला.

बनुबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. मागोमाग सुभेदार आले. मग सगळी रांग आली. बाहेरचा गलका ऐकून मगदूम सरही गिटार ठेवून बाहेर आले.

"झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला की. तुमाला कळला न्हाई?" सुभेदार म्हणाले.

"नाही. मी जरा कामात होतो."

"साडेतीनचा. धरणाच्या अंगानं आला."

सरांनी मान डोलावली. थोडा वेळ सगळ्यांबरोबर उभं राहून ते आत गेले आणि त्यांनी परत तार छेडली. रांग परत बाहेर आली. सरही आले.

"आफ्टरशॉक," सुभेदार म्हणाले. "मी म्हनलंच हुतं."

तेवढ्यात चंदनबालाबाई बाजारातून भाजी घेऊन आल्या. त्यांनी बाहेर उभी माणसं पाहिली, नवऱ्याच्या बोटात अडकलेला तार छेडायचा पिक पाहिला आणि त्यांना खुणेनं आत बोलावलं.

"ते तुम्ही आहात," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भूकंप."

सरांनी खात्री करायची म्हणून तार पुन्हा हळूच छेडली. पलीकडे एक ताट वाजलं. मग त्यांनी अॅम्प्लिफायर बंद केला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि सुभेदारांकडे गेले. सुभेदार टीव्हीवर बातमीची वाट पाहत बसले होते.

"सुभेदार, मघाशी जमीन हलली नाही. तो माझा अॅम्प्लिफायर होता."

सुभेदारांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "साडेतीनचा?"

"तो मीच."

"आन् आफ्टरशॉक?"

"तोही."

सुभेदारांनी टीव्ही बंद केला. "मी पाटनला भावाला फोन केलाय," ते म्हणाले. "त्यानं पुढं साताऱ्याला केला आसंल."

"माझी चूक झाली."

"चूक न्हाई वो. पन ते आदी सांगायचं. मानूस आकडा देऊन बसतंय."

त्या दिवसापासून सर कानाला हेडफोन लावून वाजवू लागले. आता घरात फक्त बारीक टणटण ऐकू येई, चमच्यानं तारेच्या कुंपणावर वाजवल्यासारखी. सर मात्र डोळे मिटून, मान मागं टाकून, मोठ्या मैदानात हजारो लोकांसमोर असल्यासारखे बसलेले असत. बनुबाईंनी एकदा दारातून ते पाहिलं आणि चंदनबालाबाईंना विचारलं, "मास्तरला दवाखान्यात दाखवलंयस काय गं?"

"वाजवतायत, काकू. त्यांचं त्यांना ऐकू येतं."

"मग बरं," बनुबाई म्हणाल्या. पण त्यांना ते बरं वाटलं असं दिसलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी जमीन खरोखरच हलली. चंदनबालाबाई मागच्या दारी कपडे काढत होत्या. तिथूनच त्या वळसा घालून पुढं आल्या. रांगेतली सगळी माणसं बाहेर होती, मगदूम सर सोडून. बाई दाराकडे निघाल्या तसा सुभेदारांनी त्यांना हात आडवा केला.

"थांब पोरी. मी आनतो."

सुभेदारांचा डावा गुडघा वर्षभर दुखत होता. तरी ते पायरी चढून हलत्या घरात गेले. वर पत्रा वाजत होता. सर डोळे मिटून बसले होते आणि चेहऱ्यावर किंचित नाराजी होती. त्या दिवशी त्यांनी आवाज थरथरवणारा ट्रेमोलो नावाचा प्रकार लावला होता आणि तो जरा जास्त झालाय असं त्यांना वाटत होतं. कमी करायला त्यांनी हात पुढं केला, तर बटण हाताखालून सरकलं. कारण अॅम्प्लिफायर ज्या स्टुलावर होता ते स्टूलच चाललं होतं.

सुभेदारांनी त्यांचा एक कान मोकळा केला.

"सर. जमीन हालतीया. चला भाईर."

"खरी?"

"खरी."

सर उठले. पण गिटार गळ्यात, गिटारची वायर अॅम्प्लिफायरला आणि हेडफोनची वायरही त्यालाच. सोडवत बसायची ही वेळ नव्हती. सुभेदारांनी अॅम्प्लिफायर उचलून काखेत मारला आणि दोघं वायरीनं बांधलेले तसेच बाहेर आले. पायरीवर हेडफोनची पिन निसटली. सरांचा हात तारांना लागला आणि सगळ्या रांगेला पहिल्यांदा गिटारचा आवाज धडपणे ऐकू आला.

एव्हाना हलायचं थांबलं होतं. चंदनबालाबाईंनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.  काढलेले कपडे त्यांनी पोटाशी घट्ट धरले होते.

"लागलं नाही ना?"

"नाही. मला वाटलं, ट्रेमोलो जास्त झालाय."

 सुभेदारांनी अॅम्प्लिफायर ओट्यावर ठेवला आणि गुडघा चोळत शेजारी बसले. कितीचा होता ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. लगेच आत जायची कुणाची तयारी नव्हती.

"आता आलंच हाय भाईर, तर वाजवा की मास्तर कायतरी," बनुबाई म्हणाल्या.

मोबाईल आत राहिला होता. त्यामुळे आवाज निवडता येत नव्हता. जो होता तो होता. सरांनी बोटं तारांवर ठेवली आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही गाणं वाजवलेलं नाही. तुकडे पुष्कळ होते. ते नुसतेच उभे राहिले, सगळी रांगही वाट पाहत उभी राहिली. सरांचे कान लाल झाले.

तेव्हा चंदनबालाबाईंनी बारीक आवाजात त्यांचं पूजेतलं पद सुरू केलं. सरांना स्वर सापडायला पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात ते मागून आले. तिसऱ्यात बरोबर होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही दोघं कधी एकत्र गायली-वाजवली नव्हती. सर गिटारला ऑर्केस्ट्राचं वाद्य समजत, आणि बाईंना कुणी विचारलं नव्हतं.

पद संपल्यावर बनुबाई म्हणाल्या, "ह्ये लय झ्याक हाय." आणि भाकरी करायला आत गेल्या.

पुढं रविवारी संध्याकाळी ओट्यावर बसायचा परिपाठ पडला. गाणं कुठल्या पट्टीत घ्यायचं ते बाई ठरवत. सर वाजवत, आणि कुठं घाई केली की बाई म्हणायचं थांबवून त्यांच्याकडे बघत. सुभेदार खुर्ची आणून बसत आणि मधूनच झोपत.

गेल्या वर्षी फलटणला नात्यातल्या एका पूजेसाठी दोघांना बोलावणं आलं. दोघं एसटीनं गेली, अॅम्प्लिफायर सरांच्या मांडीवर. कार्यक्रम व्यवस्थित झाला. बाईंचा गळा लोकांना फार आवडला, तसं पुष्कळ जणांनी येऊन सांगितलं. पंगतीत वाढताना एका म्हाताऱ्या बाईंनी सरांना विचारलं, "ते यंत्र गाण्याबरोबर आपोआप वाजतं का हो?"

"नाही. मी वाजवतो," सर म्हणाले.

"असं होय," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढून पुढं गेल्या.