बाहेरचं कोण?

बाळाला हात लावण्याआधी ती आपले तळवे चुलीवर शेकायची, मग स्वतःच्या गालाला लावून बघायची. "गार हातानं कुणाला जगात घ्यायचं न्हाई," म्हणायची.

चुडावा स्टेशनाजवळच्या आमच्या गावात माझे वडील शाळामास्तर होते. निजामाचं राज्य होतं आणि गावाला ही एकच सुईण. आम्ही तिला मावशी म्हणत असू. मी तिच्याच हातची. गावचे पाटीलही तिच्याच हातचे, म्हणून ती त्यांना सर्रास अरेतुरे करी. तिला स्वतःचं मूल नव्हतं.

नातवंडांनो, तुमच्या देशात म्हणे मुलं कमी झाली आहेत. जास्त मुलं होऊ द्यायची की बाहेरून माणसं आणायची, यावर वाद चालतात. तो वाद मी लहानपणीच ऐकला आहे.

एका वर्षी पटकीच्या साथीत निम्मं गाव गेलं. उरलेल्यांतले काही रेल्वेच्या कामावर गेले, ते परतलेच नाहीत. बैल दावणीला उभे, पण औत धरायला माणूस नाही. पाटील मावशीकडे आले.

"मावशे, आता घरोघर वर्साला पाळणा हलला पायजे."

"मी पोरं काढते, बापू. करीत न्हाई," मावशी म्हणाली. "आन् आज झालेलं पोर औत कवा धरंल? तवर बैलं थांबतेत व्हय? तुझी सून मागल्या खेपेला माझ्या हातातून जाता जाता ऱ्हायली. इसरलास?"

पाटील उठून घरी गेले.

आठवड्याने मावशी चुडाव्याला बाळंतपणाला गेली आणि येताना एक बिऱ्हाडच घेऊन आली. नवरा-बायको, दोन मुली, एक शेळी. दुष्काळाने गाव सुटलेली ती माणसं स्टेशनबाहेर बसून होती. मावशीने त्यांना आपल्या ओसरीत उतरवलं. गाव बिथरलं. पारावर बैठक बसली.

"ज्याची नाळ ह्या मातीत पुरली, त्यो गावचा," पाटील म्हणाले. "बाहेरच्यांनी उद्या सकाळी निघायचं."

नाळ पुरायचं काम मावशीचंच. ती पाराखाली उभी होती.

"बरं. मग पयली तुझी माय निघंल. तिची नाळ पेडगावात. तुझी बायकू पूर्णेची. माझी तरी कुठं हितं हाय? गावातल्या समद्या सुना बाहेरच्याच. उद्या भाकरी तुमीच थापा."

"बायकांची गोष्ट येगळी, मावशे."

"येगळी कशी? त्या आल्या म्हून तर तुमी हाव."

समोरच्या दारातून पाटलांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "बांधू का रं माझं गठुडं?"

दारादारांतून बायका हसल्या. निकाल कुणी दिला नाही. पुरुष एकेक करून धोतर झटकत उठले. दुसऱ्या दिवशी पाटलांचं औत त्या नव्या माणसाच्या हातात होतं आणि त्याच्या दोन मुली शाळेत माझ्या शेजारी बसल्या होत्या.

पुढे मी शिकायला हैदराबादला गेले. त्याच वर्षी मावशी वारली. तिच्यामागे कुणीच नव्हतं. तिचं घर आता पडून राहणार, या विचाराने मला रडू आलं. महिन्याने वडिलांचं पत्र आलं. शेवटी दोन ओळी होत्या : ‘मावशीच्या घरात परवा एक परमुलखातलं बिऱ्हाड उतरलं. पाटील स्वतः गाडी जुंपून त्यांना आणायला स्टेशनवर गेले होते.’